पहिला माणूस कामाला ठेवताय? आधी डोकी मोजा, मग तारखा

आमच्या दुकानात पाचवा माणूस लागला त्या दिवशी मी सगळ्यांना पेढे वाटले होते. पाचव्या माणसाबरोबर महाराष्ट्र कामगार कल्याण निधी लागू होतो, हे मला दोन वर्षांनी कळलं.

सांगलीत आमचा वह्या, फायली, कागद आणि शाळेच्या सामानाचा होलसेलचा धंदा आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ, अशी दोघांची भागीदारी फर्म. सुरुवातीला दोन पोरं होती, आज सव्वीस जण आहेत. मधल्या काळात जे दंड भरले, जे फॉर्म दोनदा भरले आणि ज्या सवलती निव्वळ अज्ञानापोटी हुकल्या, त्यातून हा लेख झाला. मी सीए नाही, पण सीएला नेमकं काय विचारायचं ते आता कळतं.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. माणूस ठेवला म्हणून भरायच्या करातून थेट रक्कम वळती होईल, असं आपल्याकडे काही नाही. मिळते ती उत्पन्नातून वजावट, आणि सध्या एका केंद्रीय योजनेतून रोख प्रोत्साहन. या दोन्हींची वाट पीएफमधून जाते, म्हणून सवलतीचा भाग लेखात शेवटाकडे आहे. दुसरं म्हणजे, आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे. कलमांचे आणि फॉर्मचे नंबर त्यामुळे बदलतात, तेव्हा नंबर पाठ करण्यापेक्षा मुद्दा लक्षात ठेवा.

## १. आधी डोकी मोजा

बहुतेक कामगार कायदे तुमची उलाढाल विचारत नाहीत, माणसं किती ते विचारतात. एक, पाच, दहा, वीस हे चार आकडे भिंतीवर लिहून ठेवा. त्यातला एकेक गाठला की नवं खातं, नवा पासवर्ड आणि नवी तारीख मागे लागते.

मोजताना गफलत कुठे होते? मालक आणि भागीदार मोजायचे नाहीत, पण पगार घेणारी बायको किंवा पुतण्या मोजायचा. अर्धवेळ येणारा हिशेबनीस मोजायचा. एजन्सीकडून आलेला वॉचमन आणि साफसफाईच्या मावशी, म्हणजे कंत्राटी माणसंही, पीएफच्या वीसमध्ये धरली जातात. "ते आमच्या मस्टरवर नाहीत" हे उत्तर तपासणीत टिकत नाही. हमाल माथाडी मंडळाकडे नोंदलेले असतील, तर त्यांचा हिशोब मंडळामार्फत चालतो. तो वेगळा विषय आहे.

बाजारात एक सल्ला हमखास मिळतो: "एकोणीस झाले की बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढा." असल्या भानगडीत पडू नका. तीच जागा, तेच गिऱ्हाईक, तीच माणसं असली की पीएफवाले दोन्ही फर्म एकच धरू शकतात. शिवाय चालू धंदा तोडून काढलेल्या फर्मला आयकराची ती वजावटही मिळत नाही. म्हणजे वाचवायला जाल ते जाईलच, मिळणारंही जाईल.

## २. कागदांची एक फाइल करा

आम्ही प्रत्येक नोंदणीच्या वेळी तेच कागद नव्याने शोधत होतो. एकदाच स्कॅन करून ठेवा.

धंद्याचे कागद:
- फर्मचं पॅन, टॅन (दुसऱ्याचा कर कापून भरायला लागणारा नंबर) आणि भागीदारी करारनामा; मालकी धंदा असेल तर मालकाचं पॅन आणि आधार
- जागेचं लाइट बिल, आणि जागा भाड्याची असेल तर लीव्ह अँड लायसन्स करार
- चालू खात्याचा रद्द केलेला चेक
- गुमास्ता, म्हणजे दुकान कायद्याची पावती किंवा दाखला
- एका भागीदाराची डिजिटल सही, मुदत न संपलेली

माणसाचे कागद:
- आधार, आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर
- पॅन आणि बँक पासबुक
- आधी कुठे नोकरी केली असेल तर जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नंबर
- ईएसआयसाठी घरच्यांची नावं, जन्मतारखा आणि आधार

आपल्याकडे सर्वांत जास्त कामं नावापायी अडतात. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, आणि बँकेत वडिलांचं नाव गायब. पीएफची प्रणाली या तिन्हींना तीन माणसं समजते. कामावर घ्यायच्या दिवशीच तिन्ही कागद शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर पाहा. दुरुस्ती लागणार असेल तर त्याला आधार केंद्रावर जायला पगारी सुट्टी द्या. एक दिवस जाईल, पण पुढचे सहा महिने वाचतील.

## ३. पहिला माणूस येण्याआधी

महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली, माणसं कमी असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, रीतसर नोंदणी लागत नाही. ही मर्यादा पूर्वी दहाची होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती वीस झाली. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत हे काम उरका. लोक दोन्हीला गुमास्ताच म्हणतात आणि एजंट दोन्हीचे सारखेच पैसे सांगतात, तेव्हा आपल्याला कोणतं लागतं ते विचारून घ्या. पाटी मराठीत हवीच, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको.

नियुक्तिपत्र द्या. नव्या श्रमसंहितांनी ते प्रत्येक कामगाराला देणं बंधनकारक केलंय. तसं नसतं तरी मी दिलंच असतं, कारण रुजू होण्याची तारीख पुढे वजावटीत लाखमोलाची ठरते. पत्रात पगाराची फोड लिहा: मूळ पगार किती, भत्ते किती. पीएफ वाचवायला मूळ पगार पाच हजार आणि बाकी सगळे भत्ते, अशी फोड पूर्वी सर्रास चालायची. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफच्या हिशोबात धरले, आणि श्रमसंहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच मोजतात. शिवाय किमान वेतन पाहा. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो.

## ४. व्यवसाय कर: नंबर दोन, आणि दोन्ही लागतात

माझा पहिला दंड इथलाच.

व्यवसाय कराचे दोन नंबर असतात. पीटीईसी हा धंद्याचा स्वतःचा कर, वर्षाला २,५०० रुपये, एरवी ३० जूनपर्यंत भरायचा. भागीदारीत प्रत्येक भागीदाराचा वेगळा. पीटीआरसी म्हणजे माणसांच्या पगारातून कापून सरकारला भरायच्या कराचा नंबर. पीटीईसी ९९ ने सुरू होतो, पीटीआरसी २७ ने, आणि दोन्हींच्या शेवटी पी. "आमचा पीटी आहे" असं म्हणणाऱ्या दहापैकी निम्म्यांकडे फक्त ९९ वाला असतो.

कापायचा किती:

- पुरुष: महिना ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यावर २००, आणि फेब्रुवारीत ३००
- स्त्रिया: २५,००० पर्यंत काही नाही, त्यावर २००, आणि फेब्रुवारीत ३००

फेब्रुवारीतला तो जास्तीचा शंभर लोकांना कोड्यात टाकतो. घटनेने या कराला वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, झाले २,५००. इतकंच ते गणित. स्त्रियांची २५,००० ची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासूनची आहे. आमच्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बदललेलीच नव्हती आणि पॅकिंगच्या तिघीजणींचे महिनोन्महिने दोनशे कापले जात होते. त्यांचे पैसे आम्ही परत केले. तुमचं सॉफ्टवेअर एकदा उघडून बघा.

कर लागू होईल असा पहिला माणूस घेतल्यापासून ३० दिवसांत महाजीएसटीच्या पोर्टलवर पीटीआरसीसाठी अर्ज करा. आता सापळा ऐका. वर्षाचा कर एक लाखाच्या आत असेल तर वर्षातून एकच रिटर्न भरायचं, ३१ मार्चपर्यंत. हे खरं आहे. पण नोंदणीच्या पहिल्या वर्षी रिटर्न दरमहाच भरायचं असतं, महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत. आमच्या तेव्हाच्या कर सल्लागाराने "तुमचं वर्षाचं" एवढंच सांगितलं. आम्ही जुलैत नंबर घेतला आणि फेब्रुवारीत जागे झालो. तोवर सात रिटर्न थकली होती. उशीर ३० दिवसांच्या आत असेल तर विलंब शुल्क २००, त्यापुढे १,०००. सहा जुनी, एक ताजं: ६,२०० रुपये. कापलेला कर याच्या निम्माही नव्हता.

प्रायव्हेट लिमिटेड काढणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. कंपनी नोंदवताना पीएफ, ईएसआय आणि महाराष्ट्रात व्यवसाय कराचेही नंबर आपोआप मिळतात. नंबर मिळाल्याची ईमेल जाहिरातींच्या ढिगात पडून राहते आणि रिटर्न थकत जातं. कंपनीच्या कागदांत हे नंबर शोधा आणि त्यांचे पासवर्ड स्वतःच्या ताब्यात घ्या.

## ५. पाचवा माणूस

कामगार कल्याण निधी वर्षातून दोनदा भरायचा. जून आणि डिसेंबरच्या पगारातून माणसामागे २५ रुपये कापायचे, आपले ७५ घालायचे, आणि १५ जुलै व १५ जानेवारीपर्यंत मंडळाच्या पोर्टलवर भरायचे. २०२४ पूर्वीचा दर कमी होता, त्यामुळे जुन्या तक्त्यांत वेगळे आकडे दिसतील. रक्कम इतकी लहान की सगळेच विसरतात.

## ६. दहावा माणूस: ईएसआय

दहा माणसं झाली की ईएसआय. हे दहा मोजताना २१,००० च्या वर पगार असलेलेही मोजायचे, पण वर्गणी ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे त्यांचीच. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. कामगाराचे ०.७५ टक्के, आपले ३.२५ टक्के, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत.

पगार २१,००० च्या वर गेला की त्याच महिन्यापासून कपात थांबवायची, असं आम्हाला वाटायचं. तसं नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन वर्गणी कालखंड असतात. मेमध्ये पगारवाढ देऊन पगार २२,००० झाला तरी सप्टेंबरअखेर वर्गणी चालूच राहते.

नवीन माणसाचा नंबर दहा दिवसांत काढा, अपघात व्हायची वाट बघू नका. पोरं "माझ्या पगारातून कापू नका" म्हणून हटून बसतात. १८,००० पगारावर त्याचे महिना १३५ रुपये जातात, आपले ५८५. त्यात घरच्यांसकट दवाखाना, आणि पात्रतेची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता. हे मी आता पहिल्याच दिवशी, त्याच्या आईवडिलांना दुकानात बोलावून सांगतो. पोरापेक्षा आईला लवकर पटतं.

दहा माणसांना ग्रॅच्युइटीही लागू होते आणि लैंगिक छळ प्रतिबंधासाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. दुकानात बायका नसल्या तरी समिती नेमा.

## ७. विसावा माणूस: पीएफ

वीस झाले की पीएफ सक्तीचा. आणि एकदा लागू झाला की पुन्हा अठरा झाले तरी सुटका नाही. लोकांना हीच भीती असते. मलाही होती. पण पुढचा आठवा टप्पा वाचल्याशिवाय भ्यायचं की नाही ते ठरवू नका. विसाच्या आत असतानाही स्वेच्छेने पीएफ घेता येतो, आणि काहींना ते परवडतं.

१५,००० पीएफ वेतनावर (ज्या पगारावर पीएफ मोजतात तो) एका माणसाचं महिन्याचं गणित असं:

- कामगाराचे १२ टक्के: १,८०० रुपये
- आपले १२ टक्के: १,८००, त्यातले १,२५० पेन्शनला, ५५० पीएफला
- विम्याचे ०.५ टक्के: ७५
- प्रशासन खर्च ०.५ टक्के: ७५, पण सगळ्या आस्थापनेचा मिळून महिन्याला किमान ५००

म्हणजे आपल्या खिशातून माणसामागे १,९५०.

नोंदणी श्रम सुविधा पोर्टलवर होते, तिथे डिजिटल सही लागते. नवीन माणसाकडून फॉर्म ११ भरून घ्या; आधी पीएफ होता का, हे त्यात तो सही करून सांगतो. ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढावा लागतो. गोदामातल्या ट्यूबलाइटखाली आणि तडा गेलेल्या कॅमेऱ्यात चेहरा ओळखला जात नाही. आम्ही माणसाला दाराबाहेर उजेडात उभा करतो आणि भावाचा फोन देतो.

आता तारीख. पीएफचं चलन, म्हणजे भरणा, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. तुम्ही पगार २० तारखेला करत असाल तरी १५ ती १५. उशीर झाला तर १२ टक्के व्याज, आणि जून २०२४ पासून महिना एक टक्का नुकसानभरपाई. हे दिसायला किरकोळ आहे. खरा फटका आयकरात बसायचा. कामगाराच्या पगारातून कापलेला त्याचा हिस्सा एक दिवस जरी उशिरा भरला, तर आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंत ती रक्कम तुमचं उत्पन्न धरली जायची आणि नंतर भरूनही खर्च म्हणून मिळायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात यावर शिक्कामोर्तब केलं.

२०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला गुरू नानक जयंती होती. बँक बंद म्हणून आमच्या हिशेबनीसाने "सोमवारी भरू" म्हटलं आणि १८ तारखेला भरलं. ऑनलाइन भरणा सुट्टीतही चालतो, हे त्याच्याही डोक्यात आलं नाही अन् माझ्याही. वीस माणसांचे १,८०० प्रमाणे ३६,००० रुपये आमच्या उत्पन्नात आले. फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ११,२३२ रुपये. तीन दिवसांचे. तेव्हापासून आमच्याकडे पीएफची तारीख १० आहे.

## ८. आयकरातली वजावट: कलम ८०जेजेएए

जुन्या आयकर कायद्यातलं हे कलम माहीत असलेले छोटे व्यापारी मला अजून फारसे भेटलेले नाहीत. नव्या माणसांच्या वर्षभराच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम उत्पन्नातून आणखी वजा होते, तीही सलग तीन वर्षं. पगार खर्च म्हणून वजा झालेला असतोच, ही त्याच्या वरची. नव्या कर प्रणालीतही ती टिकून आहे.

समजा, सहा नवी माणसं घेतली, प्रत्येकी २२,००० पगार, त्यात १५,००० मूळ, आणि सगळी वर्षभर राहिली. वर्षाचा पगार १५,८४,०००. त्याचे ३० टक्के ४,७५,२००. आमच्यासारख्या फर्मला ३१.२ टक्क्यांनी वाचलेला कर सुमारे १,४८,००० रुपये. आता याच सहा जणांचा पीएफचा खर्च बघा: १,९५० गुणिले सहा गुणिले बारा, १,४०,४०० रुपये. पीएफ परवडत नाही म्हणणाऱ्यांनी ही दोन वाक्यं पुन्हा वाचावीत.

अटी मात्र काटेकोर आहेत, आणि मी त्यातल्या दोनांत अडकलोय.

ऑडिट. ज्यांना आयकर कायद्याने ऑडिट लागू आहे त्यांनाच ही वजावट. उलाढाल एक कोटीच्या वर गेली की ऑडिट, पण रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा दहा कोटी. आमची उलाढाल कोटींत आहे आणि खेड्यापाड्यांतले दुकानदार रोख देतात, म्हणून आम्हाला ऑडिट आहे. माझ्या एका मित्राची चार कोटींची उलाढाल सगळी ऑनलाइन. त्याला ऑडिट नाही, म्हणून वजावटही नाही. प्रामाणिक डिजिटल व्यवहाराचं हे बक्षीस मला अजून समजलेलं नाही. हौसेने करून घेतलेलं ऑडिट चालेलच असं धरून चालू नका. अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्यांनी हा टप्पा सोडून पुढे जावं.

पगार २५,००० पर्यंत. महिन्याचा एकूण मोबदला त्याच्या वर गेला की तो माणूस हिशोबातून बाद. आपला पीएफचा हिस्सा यात धरत नाहीत.

पीएफ हवाच. मूळ पगार १५,००० च्या वर ठेवून नव्या माणसाला पीएफबाहेर ठेवता येतं. तसं केलंत तर तो वजावटीतही नाही.

२४० दिवस. त्या आर्थिक वर्षात तो किमान २४० दिवस नोकरीत हवा. तयार कपडे, चपला-बूट आणि चामड्याच्या उत्पादनात १५० दिवस. कॅलेंडर घेऊन मोजलंत तर ४ ऑगस्ट ही शेवटची तारीख येते. लीप वर्ष असेल तर एक दिवस पुढे. एका वर्षी आम्ही गणपतीनंतर पाच माणसं घेतली आणि त्या वर्षी हाती काहीच लागलं नाही. अशी माणसं पुढच्या वर्षी २४० दिवस भरली की त्या वर्षीची नवी धरतात, म्हणजे सगळं बुडत नाही, फक्त वर्ष पुढे जातं. तरी भरती जूनमध्ये होणार असेल तर सप्टेंबरपर्यंत रेंगाळू नका.

डोकी खरोखर वाढली पाहिजेत. मागच्या ३१ मार्चला जितकी होती त्यापेक्षा जास्त. तिघं गेले, तिघं आले, तर वाढ शून्य. धंद्याचं पहिलंच वर्ष असेल तर सगळी माणसं नवी.

पगार बँकेतून. माझी दुसरी ठेच ही. दर शनिवारी दोन-दोन हजार उचल रोख द्यायची आणि महिनाअखेर उरलेला पगार खात्यात, ही आपल्या बाजारपेठेची जुनी रीत. रोख दिलेला पगार या वजावटीत चालत नाही. आता उचलही यूपीआयने जाते. पोरं सुरुवातीला कुरकुरली, कारण बायकोच्या फोनवर मेसेज जातो.

हे सगळं जमलं तर सीए फॉर्म १०डीए भरतो. त्याची मुदत रिटर्नच्या एक महिना आधी, म्हणजे एरवी ३० सप्टेंबर. सीएने चढवला म्हणजे संपलं नाही. आयकर पोर्टलवर आपल्या लॉगिनमध्ये जाऊन तो मान्य करावा लागतो. आणि रिटर्न मुदतीतच हवं. उशिरा भरलंत तर बाकी सगळं बरोबर असूनही वजावट जाते. रुजू तारीख, यूएएन, महिन्याचा मोबदला आणि कामाचे दिवस असा तक्ता एप्रिलमध्येच करून सीएकडे द्या. सप्टेंबरात सीएंचा फोन लागत नाही.

## ९. रोख प्रोत्साहन: प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना

१ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या नोकऱ्यांसाठी ही योजना आहे. तिचे दोन भाग.

पहिला भाग कामगाराचा. आयुष्यात पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्याला, पगार एक लाखापर्यंत असेल तर, एका महिन्याच्या पीएफ वेतनाइतकी, पण कमाल १५,००० ची रक्कम दोन हप्त्यांत. सहा महिन्यांनी एक, बारा महिन्यांनी दुसरा, आणि दुसऱ्याआधी आर्थिक साक्षरतेचा एक छोटा अभ्यासक्रम. पोरं टिकवायला याचा उपयोग होतो.

दुसरा भाग आपला. वाढीव माणसामागे दरमहा:

- पीएफ वेतन १०,००० पर्यंत: १,००० पर्यंत
- १०,००० ते २०,०००: २,०००
- २०,००० ते एक लाख: ३,०००

दोन वर्षं मिळतात, उत्पादन क्षेत्राला चार. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर किमान दोन वाढवायची, पन्नास किंवा जास्त असतील तर पाच, आणि ती सहा महिने टिकली पाहिजेत. वाढ मोजायला तुमची मूळ संख्या आधी ठरवलेली असते. ती नियोक्ता लॉगिनमध्ये काय दिसते ते आधी पाहा, मनाने धरू नका. चलन वेळेवर हवं. आपले पैसे पॅनला जोडलेल्या खात्यात येतात, तेव्हा ते खातं चालू आहे का ते बघा. मिळालेली रक्कम धंद्याचं उत्पन्न धरून त्यावर कर भरायचा. या पैशांच्या भरवशावर मात्र पगार कबूल करू नका. आमचाही पहिला हप्ता यायचाय.

## १०. पगारावरचा टीडीएस, थोडक्यात

नव्या कर प्रणालीत १२,७५,००० पर्यंत वार्षिक पगाराला कर येत नाही, म्हणून बहुतेक छोट्या धंद्यांत कापायला काहीच नसतं. कापलाच तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरणा (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), तिमाही विवरणपत्र, आणि १५ जूनपर्यंत फॉर्म १६. विवरणपत्र उशिरा गेलं तर दिवसाला २०० रुपये. कर बसणाऱ्या माणसाने मधूनच नोकरी बदलली असेल, तर आधीच्या मालकाने दिलेला पगार विचारून घ्या.

भागीदारी फर्मना एक आठवण. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराचा पगार आणि व्याज वर्षाला २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापावा लागतो. म्हणजे एकाही नोकराचा कर कापत नसलात तरी टॅन लागतोच. आम्हा दोघा भावांना एकमेकांचा कर कापताना पहिल्यांदा हसूच आलं.

## ११. माणूस सोडून गेला तर

हे काम सगळे विसरतात, कारण गेलेल्या माणसासाठी पोर्टल कोण उघडणार! पण पीएफमध्ये सोडल्याची तारीख आणि कारण टाकलं नाही, तर त्याला पैसे काढताना आणि पुढच्या मालकाकडे खातं नेताना अडचण येते. ईएसआयमध्येही तो गेल्याची नोंद त्या महिन्याच्या वर्गणीबरोबरच करा. हिशोब चुकता केल्याच्या पावतीवर सही घ्या, शेवटचा पगार बँकेतून द्या, आणि ३१ मार्चच्या तुमच्या यादीतून त्याचं नाव काढा, कारण पुढच्या वर्षीची वाढ त्या यादीवरून मोजली जाणार आहे.